मांडणशिल्पांचा चालताबोलता संग्रह नागपुरात व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या पोथ्या, चित्रं, नाणी यांचं डिजिटायझेशन होणार अशा बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. वाचून बरं वाटतं. पण एका प्रकारच्या कलाकृतींचं नाव त्यांत कधीच नसतं, आणि सगळ्यांत आधी नष्ट होणार आहेत त्या त्याच. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीकडच्या कलावंतांनी व्हिडिओत जी कामं केली, खोल्या-खोल्यांतून जी मांडणशिल्पं (इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू, चित्र, आवाज खोलीभर मांडून केलेली कामं) उभी केली, ती आज कॅसेटींत, सीडींत आणि कुणाच्या तरी घरच्या माळ्यावर आहेत. पोथी दोनशे वर्षं टिकते. यांना तेवढी मुदत नाही.

मी सीताबर्डीच्या एका गल्लीत व्हिडिओ मिक्सिंगचं काम करते. पोट लग्नाच्या शूटिंगवर चालतं. पण छोट्या डिजिटल कॅसेटवर चित्रण करणारे मिनी डीव्ही कॅमेरे हाती आले तेव्हापासून चित्रकला शिकलेली मुलं-मुली माझ्याकडे रात्री एडिटिंगला यायची. रात्री मशीन रिकामं असायचं आणि दरही कमी लावायचे मी. त्यांच्याबरोबर बसून बसून हे काम मला कळत गेलं आणि त्याची माया लागली. म्हणून हे पत्र.

मागच्या पावसाळ्यात एक तरुण थैलाभर कॅसेटी घेऊन आला. वडील कलावंत होते, वारले. "ताई, याचं काही होते का पाहा," म्हणाला. थैल्यात मिनी डीव्हीच्या कॅसेटी होत्या, काही व्हीसीडी होत्या, एक वही होती. व्हीसीडींचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटत होता, त्या गेल्याच. काही कॅसेटींच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट डेकमध्ये, म्हणजे ती वाजवायच्या मशीनमध्ये, तशीच घातली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही खराब करते. आधी ती कोरड्या जागी ठेवायची, मग कवच उघडून टेप हलक्या हातानं पुसायची, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवायची, आणि मगच वाचायला घ्यायची. तरी मध्येच चित्रात निळे-हिरवे चौकोन येतात, आवाज तुटतो. थांबायचं, हेड साफ करायचं, तोच तुकडा पुन्हा वाचायचा. दुसऱ्या वेळी पुष्कळदा नीट येतो. एका तासाच्या कॅसेटला हा उद्योग कधी अर्धा दिवस घेतो, आणि हाती येते सुमारे १३ जीबीची फाइल.

त्यातलं एक काम माझ्याच मशीनवर एडिट झालेलं होतं, म्हणून ते मला पाठ आहे. जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातून, उसन्या आणलेल्या कापसाच्या तीन गाठी. प्रत्येक गाठीवर एकवीस इंची डब्बा टीव्ही. पहिल्या टीव्हीवर कापूस वेचणारे हात, दुसऱ्यावर वजनकाट्याची हलती सुई, तिसऱ्यावर एका घराचं दार, कधी उघडं, कधी ओढून घेतलेलं. आवाज फक्त दुसऱ्या टीव्हीला, जिनिंगच्या मशीनचा. एक गाठ १७० किलोची, ती हॉलमध्ये चढवताना हमालांनी अक्षरशः हात टेकले होते. जमिनीवर सुटा कापूस पसरला होता आणि सगळ्या हॉलभर सरकीचा वास होता.

पहिली फीत ७ मिनिटांची, दुसरी ११ ची, तिसरी १३ ची. तिन्ही प्लेअर 'रिपीट'वर टाकून एकदाच सुरू केले होते. त्यामुळे सुई कुठे आली की दार बंद होईल, हे कुणाच्याच हातात नव्हतं. कधी काटा खाली जायचा आणि त्याच क्षणी दार ओढलं जायचं. समोर उभ्या बायामाणसांच्या तोंडून 'अरे' निघायचं, कारण कापसाच्या काट्यावर घर कसं टिकतं-मोडतं हे आपल्या भागात समजावून सांगावं लागत नाही. कधी काटा हलायचा आणि दार उघडंच राहायचं. ७, ११ आणि १३ चा हिशेब केला तर तिन्ही फिती पुन्हा पहिल्या जागी एकत्र यायला १००१ मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ सतरा तास. आपण पाहिलं तेच चित्र आपल्यानंतर आलेल्या माणसाला दिसलं असेल याची खात्री नाही. काम म्हणून जे होतं ते हे होतं. तीन फिती हा त्यातला कच्चा माल.

आता हे काम जपायचं म्हणजे काय करायचं? मुलगा म्हणाला, "तिन्ही एकाच पडद्यावर शेजारी शेजारी लावून यूट्यूबवर टाकून द्या ना." पुष्कळ जण असंच करतात आणि त्यात त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण तिन्ही फिती एका फाइलमध्ये जोडल्या की काटा आणि दार यांची भेट कायमची ठरून जाते. दर वेळी त्याच सेकंदाला तेच होणार. शिवाय डब्बा टीव्हीचं चौकोनी चित्र कुणीतरी रुंद पडद्यासाठी ताणणार आणि वेचणारे हात फुगलेले दिसणार. सरकीचा वास, गाठीची उंची, टीव्हींमधलं अंतर, प्रेक्षकानं कुठून आत यायचं, यातलं काहीच त्या फाइलमध्ये नसणार.

म्हणून माझं म्हणणं आहे की अशा कामांचा संग्रह पाहणाऱ्याला हात घालता येईल असा हवा, ज्याला इंटरॅक्टिव्ह म्हणतात तसा. या कामाच्या पानावर तीन चौकटी असाव्यात, प्रत्येकीत आपापल्या लांबीची फीत स्वतंत्र फिरावी, आणि पाहणारा केव्हा आला त्याप्रमाणे त्याला वेगळा जोड दिसावा. हॉलचा नकाशा असावा, त्यात गाठी कुठे होत्या ते मापांसकट असावं. नकाशावर बोट ठेवलं की तिथून काढलेला फोटो उघडावा. दुसऱ्या टीव्हीजवळ गेलं की जिनिंगचा आवाज वाढावा, दूर गेलं की कमी व्हावा. वहीची पानं असावीत. गाठी पुरवणाऱ्या जिनिंगवाल्याशी, हमालांशी, पाहायला आलेल्यांशी बोलून त्यांचं म्हणणं त्या-त्या जागी जोडलेलं असावं. वास मात्र कुठल्याच मशीनमध्ये भरता येत नाही, तो शब्दांतच लिहून ठेवावा लागेल, आणि तो अजून आठवणाऱ्या माणसांकडून आताच लिहून घ्यावा लागेल.

हे काही मी हवेतलं बोलत नाही. मुंबईच्या 'कॅम्प' या कलावंतांच्या गटासह काही गटांनी मिळून २००८ मध्ये 'पॅड.मा' नावाचा व्हिडिओ-संग्रह इंटरनेटवर उघडला. त्यात फुटेजच्या नेमक्या सेकंदाला टिपण बांधता येतं. कोण बोलतंय, कुठे बोलतंय, मागे कसला आवाज आहे, हे शोधून थेट त्या जागी जाता येतं. हाँगकाँगला २००० साली सुरू झालेल्या 'एशिया आर्ट आर्काइव्ह'नं कलासमीक्षक गीता कपूर आणि मांडणशिल्पं करणारे कलावंत विवान सुंदरम यांच्या घरचे कागद, फोटो, पत्रव्यवहार स्कॅन करून सगळ्यांना खुले केले आहेत. नागपूरचा विद्यार्थी ते घरी बसून पाहू शकतो. सुंदरम २०२३ मध्ये गेले, पण त्यांच्या मांडण्यांचा विचार कसा होत गेला हे त्या कागदांत पाहता येतं.

चित्रकार आणि व्हिडिओ-कलावंत नलिनी मलानींची दोन कामं इथे आठवतात. १९९२ मध्ये त्यांनी मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरीच्या इमारतीतल्या गॅलरी केमोल्डच्या भिंतींवरच चित्रं काढली आणि प्रदर्शन संपल्यावर ती पुसली गेली. पुसलं जाणं हा त्या कामाचाच भाग होता. ते आज आपल्यापर्यंत पोचतं ते केवळ कुणीतरी त्या वेळी कॅमेरा चालू ठेवला म्हणून. आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर मंटोंच्या 'टोबा टेकसिंग' या फाळणीवरच्या कथेवरून त्यांनी केलेलं मांडणशिल्प : चार प्रोजेक्शन आणि पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेले बारा मॉनिटर. फाळणीत घर सोडताना लोकांनी जी ट्रंक उचलली ती डोळ्यांपुढे आल्याशिवाय त्या मॉनिटरमधलं चित्र कळत नाही. ट्रंक सोडून नुसतं फुटेज जपलं तर अर्ध्याहून जास्त काम गेलं.

दक्षिण कोरियात ग्वाचॉनच्या राष्ट्रीय संग्रहालयात व्हिडिओ-कलेची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक, नाम जून पाईक यांचा १९८८ सालचा टीव्हींचा मनोरा आहे. त्यात १००३ टीव्ही आहेत, सगळे जुन्या काचेच्या पडद्यांचे. २०१८ मध्ये सुरक्षेच्या कारणानं तो बंद करावा लागला. मग जुने टीव्ही शोधून दुरुस्त केले, जिथे मिळालेच नाहीत तिथे बाहेरचा डब्बा तोच ठेवून आत एलसीडी बसवला, आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा सुरू झाला. कुठे नवं चालेल आणि कुठे नाही, हा वाद तिथल्या तज्ज्ञांनी किती काळ घातला असेल! माझ्या दृष्टीनं तो वाद घालणं हेच खरं जतन. जिनिंगच्या गाठींवर उद्या चपटा टीव्ही ठेवला तर चालेल का? कलावंत असते तर एका वाक्यात उत्तर मिळालं असतं. वहीत ते नाही.

आमच्याकडे तर हा प्रश्न विचारायचीही वेळ येत नाही. एका संस्थेच्या स्टोअरची सफाई निघाली तेव्हा प्रदर्शनांच्या कॅसेटींचं अख्खं खोकं कबाड्याकडे गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वर नाव नाही, यादी नाही, आणि वाजवायला मशीन नाही, मग खोकं ठेवायचं कशाला, एवढाच विचार झाला. मशीनचंही खरंच आहे. जगातली व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिनं २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. मिनी डीव्हीचे डेक आता जुन्या बाजारातच मिळतात आणि त्यांची फायरवायरची (कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या केबलची) पिन घेणारा लॅपटॉप नव्या दुकानात मिळत नाही. माझा एक डेक मी दुसऱ्या बंद डेकचे रबर आणि गिअर काढून चालू ठेवला आहे. तो कायमचा बसला की नंतर पैसे असूनही उपयोग नाही.

आपल्याकडे असं काम कितीसं आहे, असं कुणी म्हणेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांचं नाव घेते. कोळशाच्या खाणीत तीन पिढ्या राबलेल्या घरातला हा मुलगा त्याच कोळशानं भिंतभर चित्रं काढतो, ॲनिमेशन करतो, मांडणशिल्पं करतो. २०२१ मध्ये वेल्समधला 'आर्टेस मुंडी' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना इतर पाच कलावंतांबरोबर विभागून मिळाला. त्यांचं काम जगातली संग्रहालयं जपतील, त्याची मला काळजी नाही. माझी काळजी त्यांच्याच भागातल्या त्या इतरांची आहे ज्यांचं प्रदर्शन एकदाच झालं, चार दिवस चाललं, आणि ज्यांचं नाव आपल्या दैनिकाच्या आतल्या पानावरच्या एका फोटोखाली छापून आलं तेवढंच. कोळशानं काढलेली भिंत पुढच्या प्रदर्शनाआधी चुन्यानं रंगवतात. व्हायचंच ते. पण त्या आधी खोलीचा नीट व्हिडिओ, मापं आणि काढणाऱ्याचं बोलणं घेऊन ठेवायला एक दुपार पुरते.

नाशिवंत गोष्टीची परंपरा कशी टिकवावी हे तर नागपूरला शिकवायची गरज नाही. १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी मारबत, म्हणजे बांबू-कागदाचे हे भले मोठे पुतळे, आपण दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतो आणि शेवटी जाळतो. त्यांच्याबरोबरचे बडगे हे पुतळे तर त्या-त्या वर्षीच्या प्रश्नावर केलेले, पुन्हा कधीच न दिसणारे. मारबत जळली तरी पुढच्या वर्षी उभी राहते, कारण बांबू कसा बांधायचा, कागद किती थर लावायचा, तोंड कुणी रंगवायचं हे ठाऊक असलेली मंडळी पिढ्यानपिढ्या तेच करत आली आहेत. मांडणशिल्पाला असं घराणं नसतं. करणारा एकटा असतो. त्याच्या डोक्यातलं ज्ञान कुठेतरी उतरवून घेतलं तरच कुणी ते पुन्हा उभं करू शकेल. आणि जाता जाता सांगते, बडग्यांचंही असं रेकॉर्डिंग दरवर्षी रीतसर व्हायला हवं. शहराला त्या वर्षी कशाचा राग आला होता याचा इतका चोख पुरावा दुसरा नाही.

संग्रह करताना एक धोका मात्र मी धंद्यात पाहिला आहे. १९९० च्या दशकात मोठ्या हौसेनं काढलेल्या इंटरॅक्टिव्ह सीडी आजच्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेल्या किती सुंदर वेबसाइटी ३१ डिसेंबर २०२० नंतर फ्लॅशचा आधार बंद झाला तेव्हा एका झटक्यात मुक्या झाल्या. ज्यांनी त्या बनवल्या त्यांनी कष्ट कमी घेतले नव्हते. म्हणून वरची सजावट आणि आतला माल वेगळा ठेवला पाहिजे. मूळ फाइल कॅसेटवरून जशी आली तशीच, काटछाट न करता ठेवावी. नवीन करायची झाली तर एफएफव्ही१ सारख्या व्हिडिओ साठवायच्या खुल्या पद्धतीत, ज्यावर कुणा एका कंपनीचा ताबा नाही. नकाशे, मापं, मुलाखतींचा मजकूर साध्या फाइलींत असावा. मग वरची वेबसाइट दहा वर्षांनी मोडली तरी तोच माल घेऊन दुसरी बांधता येते. प्रती तीन असाव्यात आणि त्यातली एक नागपूरबाहेर. आपला मे महिना आणि आपले वीजपुरवठ्याचे झटके हार्ड डिस्कांना मानवत नाहीत, हे माझ्याकडच्या बंद डिस्कांचा ढीग सांगतो.

हक्कांचा प्रश्न आधी सोडवावा, नंतर नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओची गणना सिनेमासारखी होते आणि त्याचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं चालतो. चित्र-शिल्पाचा कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे लेखी परवानगी कलावंताची किंवा वारसांची घ्यावीच लागणार, आणि ती मागताना हेही विचारावं की सगळं खुलं करायचं, की काही भाग फक्त संग्रहात येऊन पाहायचा. व्हिडिओत दिसणाऱ्या माणसांचा विचार त्याहून आधी. त्या तिसऱ्या टीव्हीवरचं दार एका खऱ्या घराचं होतं. त्या घरच्या बाईला विचारल्याशिवाय ते जगभर उघडं करायचं नाही, असं मी त्या मुलाला सांगितलं आहे आणि त्याला ते पटलं आहे.

नागपुरात हे करायला काय कमी आहे? शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, विद्यापीठ आहे, १८६३ पासूनचं अजब बंगला हे संग्रहालय आहे, कॉम्प्युटर शिकणारी हजारो मुलं आहेत. मोठी इमारत नको. एक थंड, कोरडी खोली हवी, दोन चालू डेक हवेत, एक पूर्णवेळ माणूस हवा ज्याची दर वर्षी बदली होणार नाही. पहिलं वर्ष वेबसाइटच्या मागे लागूच नये. आधी घरोघर जाऊन यादी करावी : कुणाकडे काय आहे, कशावर आहे, कोणत्या अवस्थेत आहे. त्याच वेळी कलावंतांना समोर बसवून प्रत्येक कामाबद्दल विचारावं. टीव्ही बदलला तर चालेल का, खोली लहान मिळाली तर काय करायचं, अंधार किती हवा, काय गेलं तर हे काम तुमचं राहणार नाही. ज्यांनी त्या काळात सुरुवात केली ते आता साठीत-सत्तरीत आहेत. कॅसेट आणखी दोन उन्हाळे काढेलही, पण ही उत्तरं आधी घ्यायला हवीत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणं आहे. आपल्याकडच्या जुन्या अंकांत आणि छायाचित्रांच्या साठ्यात या प्रदर्शनांचे फोटो आहेत, तारखा आहेत, हॉलची नावं आहेत. पुष्कळ कामांचा तेवढाच पुरावा उरला असेल. असा संग्रह सुरू झाला तर ते फोटो पाहायला आणि स्कॅन करायला आपण परवानगी द्यावी. आणि ज्या वाचकांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी त्या टाकू नयेत, कपाटाच्या वरच्या फळीवर उभ्या ठेवाव्यात, आणि 'चालते का पाहू' म्हणून जुन्या कॅमेऱ्यात घालून बघू नयेत. टेप अडकली तर ओढून काढू नये.

माझा डेक अजून चालतो. वर सांगितलेल्यांपैकी कुठल्याही संस्थेनं खोली दिली, तर कॅसेट साफ कशी करायची, वाचायची कशी आणि नोंद कशी ठेवायची हे मी रविवारी येऊन विद्यार्थ्यांना शिकवीन. त्याचे पैसे नकोत. गाठींवरच्या तीन टीव्हींच्या कामाच्या फाइली मुलाच्या परवानगीनं तयार आहेत. पहिलं पान त्याचंच करता येईल.

आपली,
एक व्हिडिओ संकलक
सीताबर्डी, नागपूर